मृगजळातला ठिपका

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' या 1962 सालच्या सिनेमात विहिरीपाशी दोन माणसं असतात आणि दूर क्षितिजावर मृगजळ थरथरत असतं. त्या मृगजळात एक ठिपका दिसतो. ठिपका हळूहळू रेघ होतो, रेघेचा उंट होतो, उंटावर काळ्या कपड्यातला स्वार दिसू लागतो. तो ओमर शरीफ. बराच वेळ पडद्यावर जवळजवळ काहीच घडत नाही, आणि त्या काहीच न घडण्यावरून नजर हटत नाही. मे महिन्यात धुळ्याहून साक्रीच्या रस्त्याला लागलेल्या माणसाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. समोरून येणारी एसटी आधी हवेत तरंगणारं पाणी असते, मग एसटी होते.

माझ्या वडिलांनी, नानांनी, हा सिनेमा मुंबईत शिकायला असताना मोठ्या पडद्यावर पाहिला होता. पुढे सगळी हयात देवपुरात मास्तरकीत गेली. सिनेमाचा विषय निघाला की ते त्या ठिपक्याशी येऊन थांबायचे. 2012 च्या अखेरीस हा सिनेमा ब्लू-रे डिस्कवर आला. मूळ चित्रण 65 मिलिमीटरच्या रुंद फिल्मवर झालेलं, आणि नव्याने दुरुस्त करून काढलेली ही प्रत. मी पुण्याहून डिस्क घेतली, एक नवा प्लेअर घेतला आणि दिवाळीनंतरच्या एका शनिवारी घरी आलो. घरात टीव्ही होता मस्कतच्या काकांनी 2005 मध्ये आणलेला. प्लाझ्मा, बेचाळीस इंची, अंगणातल्या झोपाळ्याइतका जड. त्या काळात आमच्या गल्लीत तो बघायला माणसं येत.

प्लेअरची एचडीएमआय वायर त्या टीव्हीच्या खोबणीत एका जोडणीतून बसवली. पडदा काळा झाला आणि त्यावर एक ओळ आली. ओळीचा अर्थ थोडक्यात असा की हा टीव्ही ओळखीचा नाही. मग पाच कंदिलाजवळच्या दुकानातून लाल-हिरवी-निळी अशी तीन पिनांची केबल आणली. चित्र आलं, पण ते जुन्या डीव्हीडीसारखं. नाना खुर्ची पुढे ओढून बसले. विहीर आली. क्षितिज आलं. राखाडी-पिवळ्या पट्ट्यात काहीतरी गिजबिज हलत होती. नाना म्हणाले, "आला बघ." मला काहीही दिसत नव्हतं. त्यांनाही दिसत नसणार. त्यांना आठवत होतं.

यात बिघाड कशातच नव्हता, हे मला रात्री जागून वाचल्यावर कळलं. टीव्ही ठीक, प्लेअर ठीक, डिस्क उत्तम. चित्र मुद्दाम खराब करण्यात आलं होतं.

ब्लू-रेच्या चित्रात आडवे 1920 आणि उभे 1080 ठिपके असतात, म्हणजे एकूण 20,73,600. हे चित्र डिस्कवर एएसीएस नावाच्या कुलपात बंद असतं. प्लेअर ते उघडतो, पण पुढे टीव्हीकडे पाठवताना टीव्हीची झडती घेतो. त्या झडतीचं नाव एचडीसीपी. टीव्हीकडे योग्य गुप्त अंक असला तर पूर्ण चित्र मिळतं, नसला तर नाही. लाल-हिरव्या-निळ्या तारांत अशी झडती घेता येत नाही, म्हणून त्यांच्याबाबत वेगळी तजवीज होती. डिस्कवर एक खूण ठेवता यायची; ती खूण असली की प्लेअर त्या तारांतून जास्तीत जास्त 960 गुणिले 540 इतकंच चित्र सोडणार. म्हणजे 5,18,400 ठिपके, बरोबर एक चतुर्थांश. पहिली काही वर्षं बहुतेक स्टुडिओंनी ती खूण वापरायचं टाळलं, कारण लोकांच्या घरात तसलेच टीव्ही होते. पण नियमातच पुढची तारीख लिहिलेली होती. 31 डिसेंबर 2010 नंतर बनलेल्या प्लेअरने या तारांतून जुन्या, साध्या दर्जाचंच चित्र द्यायचं, आणि 2013 संपल्यावर बनणाऱ्या प्लेअरने या कुलपातलं चित्र त्या तारांना द्यायचंच नाही. या व्यवस्थेला त्या धंद्यात 'सूर्यास्त' म्हणतात. आमचा प्लेअर 2012 चा. सूर्यास्तानंतरचा.

दुसऱ्या दिवशी भाचा आला. त्याने सगळी हकीकत ऐकली, खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि म्हणाला, "मामा, एवढंच ना?" पेन ड्राइव्हवर तोच सिनेमा होता, कुणीतरी कुलूप तोडून उतरवलेला. एका स्वस्त मीडिया प्लेअरला लावून, त्याच तीन तारांतून, त्याच टीव्हीवर त्याने तो चालू केला. झडती नाही, ओळ नाही. वाळूच्या कडेकडेने सावली दिसली. मी नानांना हाक मारली. ते दारापर्यंत आले, विचारलं, "ही आपली डिस्क आहे का?" भाच्याने खरं सांगितलं. नाना परत गेले. पेपर वाचत बसले.

त्या वेळी मला त्यांचा राग आला. हा हट्ट, हा ताठा. डिस्क आपण विकत घेतलीच आहे, पैसे पोचलेत, मग तोच सिनेमा दुसऱ्या डब्यातून पाहिला तर कुणाचं काय गेलं? मी तसं म्हटलंही. नाना म्हणाले, "ज्याने ते फोडलं त्याने आपल्यासाठी फोडलेलं नाही." यावर मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आज सुचतं, पण ते पुरेसं आहे असं वाटत नाही.

खान्देशातल्या कापूस उत्पादकाला 'कट्टी' हा शब्द माहीत असतो. व्यापारी क्विंटलमागे काही किलो वजन कापून धरतो, कापसात ओल असेल, माती असेल म्हणून. तुमचा कापूस कोरडा ठणठणीत असला तरी कट्टी कापली जाते, कारण कुणाचा तरी ओला असतो. त्यावर दर हंगामात भांडणं होतात. शेतकऱ्याचं म्हणणं सरळ असतं: माझा माल तपास, ओला निघाला तर काप, पण दुसऱ्याच्या ओलीची भरपाई माझ्याकडून का? आमच्या घरात तीन-चतुर्थांशाहून जास्त ठिपक्यांची कट्टी कापली गेली होती, आणि माल तपासायची सोयच नव्हती. नानांचा प्रामाणिकपणा मोजणारं यंत्र त्या प्लेअरमध्ये नव्हतं. तारेचा रंग मोजणारं होतं.

कट्टीची उपमा एका ठिकाणी लंगडी पडते, तेही सांगायला हवं. व्यापाऱ्याला ओल्या कापसाचं नुकसान खरोखर होतं आणि कट्टीने ते थोडंफार भरून निघतं. इथे कट्टी कापून काय भरून निघालं? ज्याला चोरायचं होतं त्याला तीन तारांची गरजच नव्हती. डीव्हीडीचं कुलूप 1999 मध्ये फुटलं. एएसीएसची एक किल्ली, सोळा जोड्यांत लिहिता येणारा एक आकडा, 2007 मध्ये जगभर पसरला. लोकांनी तो टी-शर्टांवर छापला. एचडीसीपीची मूळ किल्ली 2010 मध्ये बाहेर आली. म्हणजे ज्या वर्षाच्या अखेरीस आमच्या तारांचा सूर्यास्त ठरला होता, त्याच वर्षी झडतीचं गुपित उघडं पडलेलं होतं. तरी झडती चालूच राहिली.

कुणी म्हणेल, कुलूप सज्जनांसाठीच असतं. चोराला ते कधी अडवतं? हे आपण सगळेच म्हणतो. पण दाराचं कुलूप घरातल्या माणसाला अंधारात बसवत नाही. ज्या कुलपाने राखलेली वस्तूच मालकासाठी उणी होते, त्याला राखण म्हणायचं का? व्हीएचएसच्या काळातली मॅक्रोव्हिजनची युक्ती आठवते. कॅसेटवर चित्राच्या दोन चौकटींमधल्या न दिसणाऱ्या जागेत असे काही झटके भरलेले असायचे की दुसऱ्या व्हीसीआरवर उतरवताना चित्र आळीपाळीने काळवंडायचं आणि भगभगायचं. ती युक्ती प्रत खराब करायची. मूळ कॅसेट बघणाऱ्याचं सहसा काही बिघडत नसे. नव्या व्यवस्थेत हे उलटं झालं. विकत घेतलेली मूळ वस्तू अंधूक आणि चोरलेली प्रत लख्ख. प्रामाणिकपणाची किंमत आपण पैशात मोजतो असं मला वाटायचं. ती ठिपक्यांतही मोजता येते.

इथवर लेख सोपा आहे. मोठ्या परदेशी कंपन्या, झडती, आणि आपला सरळमार्गी मास्तर. बाजू घ्यायला वेळ लागत नाही. पण आमच्याच भागातली दुसरी गोष्ट सांगितली नाही तर मी नानांना तोंड दाखवू शकणार नाही.

धुळ्यापासून पन्नासेक किलोमीटरवर मालेगाव. जिल्हा नाशिक, पण बोलण्याचालण्यात अर्धं खान्देशच. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी 2000 साली 'मालेगाव के शोले' काढला. पुढे फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटामुळे हे जग बाहेरच्यांना कळलं: सायकलवर कॅमेरा ठेवून घेतलेली दृश्यं, बैलगाडीची केलेली क्रेन. हे सिनेमे मुंबईच्या सिनेमांच्या नकला होत्या आणि नकला असल्याचं लपवत नव्हते. त्यांच्याच शेजारी अहिराणी गाण्यांच्या आणि विनोदी नाटुकल्यांच्या व्हीसीडी होत्या. 352 गुणिले 288 ठिपके, म्हणजे ब्लू-रेच्या विसाव्या हिश्शाइतकं चित्र. चेहरा जरा लांब गेला की नाकडोळे पुसले जात. आणि या व्हीसीडीला कुलूप नव्हतंच. त्या प्रकारात कुलपाची सोयच ठेवलेली नव्हती.

अमळनेरकडचे एक गृहस्थ आहेत. नाव देत नाही, त्यांनाही नको आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तिची गाणी त्यांनी गावोगाव फिरून बायकांकडून गाऊन घेतली, कॅमेरा भाड्याने आणून चित्रण केलं, घरचं सोनं गहाण ठेवून हजार व्हीसीडी काढल्या. शिंदखेड्याकडची माझी मावशी त्यातल्या एका गाण्यात मागच्या रांगेत आहे, हिरव्या लुगड्यात. आठवड्याभरात बाजारात त्याच गाण्यांच्या दुसऱ्या व्हीसीडी आल्या, कव्हरची झेरॉक्स लावलेल्या, निम्म्या किमतीत. मूळ हजारातल्या सहाशे त्यांच्या माळ्यावर राहिल्या. सोनं सुटायला चार वर्षं लागली. दुसरी व्हीसीडी त्यांनी काढली नाही. ते मला म्हणाले होते, "भाऊ, मनं गानं समदा खान्देशनी आयकं. पैसा कोनी दिधा?"

मोबदला न मिळालेल्या या माणसासमोर बसून प्रतींच्या स्वातंत्र्याचं गुणगान करणं जड जातं. आणि आमच्या घरातली त्या गाण्यांची व्हीसीडी? ती झेरॉक्सच्या कव्हरची होती. मावशीनेच यात्रेतून आणलेली. आपण पडद्यावर आहोत याच्या आनंदात तिने कव्हर पाहिलं नाही. नानांनीही पाहिलं नाही. लॉरेन्सच्या बाबतीत एवढे काटेकोर असलेले नाना मावशीला पाहायला तीच व्हीसीडी दर श्रावणात लावायचे. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं की नको, अजून ठरवता आलेलं नाही.

महाराष्ट्राने 2009 मध्ये झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांसाठीच्या स्थानबद्धतेच्या कायद्यात व्हिडिओ पायरेट हा प्रकारही घातला. खटल्याशिवाय डांबून ठेवण्याइतका हा गुन्हा मोठा मानला गेला, तो मुंबईच्या सिनेसृष्टीच्या तक्रारींवरून. अमळनेरच्या माणसाच्या सोन्यासाठी कुणी कायदा हलवल्याचं मला माहीत नाही. 2012 मध्ये केंद्राच्या कॉपीराइट कायद्यात कलम 65 अ आलं. कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद. पण तोडण्यामागे हक्कभंगाचा हेतू असला पाहिजे, आणि कायद्याने ज्याला मनाई नाही अशा कामासाठी तोडलं तर ते या कलमात बसत नाही. अमेरिकेच्या 1998 च्या कायद्यापेक्षा हे शहाणपणाचं आहे असं माझं मत. तिथे कुलूप तोडणं हाच मुळात दोष, हेतू नंतर. आपल्याकडे निदान कागदावर तरी नानांना त्यांचाच ठिपका पाहायला जागा ठेवलेली आहे. पण कायद्याने जागा ठेवली म्हणून टीव्हीवर चित्र येत नाही. हक्क पुस्तकात आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात, असा हा मामला आहे.

धुळ्यात बसून कुलपांचा विचार करताना राजवाड्यांची आठवण होणं अपरिहार्य आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यातच गेले. त्यांचं दप्तर सांभाळायला पुढच्याच वर्षी इथे राजवाडे संशोधन मंडळ निघालं. महानुभाव पंथाचे ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले जात. चौदाव्या शतकापासून ही प्रथा चालली. पोथी हाती पडली तरी परक्याला ती वाचता येऊ नये, अशी सोय. त्यामुळे 'लीळाचरित्र' हा मराठीचा आद्य गद्यग्रंथ पंथाबाहेरच्या मराठी माणसाला शेकडो वर्षं जवळजवळ अज्ञात राहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारखे संशोधक आणि स्वतः काही महंत यांच्यामुळे ती लिपी उकलली. आजच्या भाषेत कुणी म्हणेल, राजवाड्यांनी कुलूप फोडलं.

पण असं म्हणताना एक फरक निसटतो. महानुभावांच्या कुलपात पोथी अंधूक होत नसे. ज्याला किल्ली दिली त्याला शब्द न् शब्द पूर्ण मिळे, आणि त्याने आणखी प्रती कराव्यात हीच अपेक्षा असे. किल्ली माणसांकडे होती, गुरूकडून शिष्याकडे जात होती. म्हणूनच सहाशे वर्षांनी विचारायला गेल्यावर सांगणारं कुणीतरी होतं. एएसीएसची किल्ली प्लेअरच्या चिपमध्ये आहे. प्लेअर बनवणारी कंपनी बंद पडली, चिप मेली, की विचारायला जायचं कुणाकडे? परवाना संपला की किल्लीला वारस नाही.

धुळ्यातल्याच समर्थ वाग्देवता मंदिरात नानासाहेब देवांनी मठामठांतून जमवलेली रामदासी बाडं आहेत. तिथे गेलं की एक गोष्ट डोळ्यांत भरते: यातलं बहुतेक सगळं नक्कल आहे. कुणीतरी कुणाचं तरी पाहून लिहिलेलं. राजवाड्यांनी 1909 मध्ये छापलेल्या ज्ञानेश्वरीची मूळ पोथी आज उपलब्ध नाही. छापलेली प्रत तेवढी आहे. लहानपणी शाळेच्या सहलीत मला वाटायचं की इथे जुन्या मूळ वस्तू ठेवल्यात. खरं म्हणजे तिथे शेकडो वर्षं न कंटाळता केलेल्या कॉप्या ठेवल्यात.

मात्र या उदाहरणाने अमळनेरकरांचं सोनं सुटत नाही. पोथी उतरवणारा रामदासी कुणाच्या पोटावर पाय देत नव्हता. झेरॉक्सवाला देत होता. दोघांची कृती एकच असूनही. म्हणून कॉपी करणं वाईट की चांगलं हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. करणारा कुणाकडून काय काढून घेतो आणि त्याच्यामुळे मागे काय उरतं, हे दर वेळी पाहावं लागतं, आणि हे पाहणं यंत्रावर सोपवता येत नाही. यंत्राला फक्त तारेचा रंग कळतो. नानांना आणि झेरॉक्सवाल्याला ते एकाच मापाने मोजतं, आणि झेरॉक्सवाला मापात सापडत नाही.

आता डिस्क गेल्या. भाच्याच्या पोराच्या हातात स्वस्तातला फोन आहे आणि त्याच्या आईने एका सिनेमाच्या ॲपचे पैसे भरलेत. चित्र धुरकट येतं. तो म्हणतो नेट स्लो आहे. नेट स्लो नाही. अँड्रॉइड फोनमध्ये वाइडवाइन नावाचं कुलूप असतं, त्याच्या पायऱ्या असतात. फोनच्या चिपमधल्या सुरक्षित कप्प्यात किल्ली असली तर एल-1, तशी नसली तर एल-3. एल-3 वाल्याला अशी ॲप सहसा साध्या दर्जाच्या वर जाऊ देत नाहीत. तसा फोन बहुधा स्वस्त असतो. वर्गणी भरताना हे कुणी सांगत नाही, आणि चित्रावर 'तुमच्यावर आमचा भरवसा कमी आहे' अशी ओळही येत नाही. आमच्या काळ्या पडद्यावर निदान ती ओळ यायची.

नाना 2019 मध्ये गेले. प्लाझ्मा त्याआधीच भंगारात गेला होता. नवीन टीव्हीला झडतीत पास होणारी खोबण होती आणि त्यावर आम्ही ती डिस्क लावलीही, पण तोवर त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. विहिरीचा प्रसंग आला तेव्हा ते पुन्हा म्हणाले, "आला बघ." या वेळी मला ठिपका दिसत होता.

गेल्या श्रावणात अमळनेरच्या त्या गृहस्थांचा फोन आला. माळ्यावरच्या सहाशे व्हीसीडी उन्हाने आणि पावसाने गेल्या. चकती प्रकाशात धरली तर पत्र्याच्या छपरासारखी भोकं दिसतात. ज्या संगणकावर मूळ चित्रण होतं तो केव्हाच विकला गेला. गाणाऱ्या बायकांपैकी सात-आठ जणी आता नाहीत. माझी मावशीही नाही. नातीच्या लग्नात लावायला म्हणून त्यांना ती गाणी हवी होती. तुमच्याकडे आहे का, असं ते विचारत होते.

आमच्याकडची व्हीसीडी मी दोन वर्षांपूर्वी हार्ड डिस्कवर उतरवून ठेवली होती. तिला कुलूप नव्हतं, म्हणून उतरवता आली. मी म्हटलं, आहे. फोनवर जरा वेळ आवाज नव्हता.

"वरिजिनल शे का, का ती झेरॉक्सवाली?"

मी खरं सांगितलं.

"बरं," ते म्हणाले. "तीच धाडी दे."